पहिल्यांदाच तंबूत राहणार असाल तर

डिसेंबरात पवना धरणाच्या काठी तंबूत राहायला जाताय, निवड छान आहे. लोहगड, तिकोना, तुंग हे किल्ले सगळे आसपास. पुण्यातून दुपारच्या आत निघा, म्हणजे तंबू उजेडात लावता येईल. त्याआधी एकदा घरच्या गच्चीवर उभा करून बघाच. काठ्या, खुंट्या, दोऱ्या पुऱ्या आहेत का, ते तिथेच कळतं. चार माणसांचा म्हणून विकतात तो तंबू सामानासकट तिघांनाच नीट पुरतो.

नवखे लोक सगळ्यांत जास्त चुकतात ते थंडीच्या बाबतीत. पांघरायला दोन-दोन ब्लँकेटं आणि खाली नुसती सतरंजी! गारठा जमिनीतून चढतो, आणि अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग फारशी ऊब धरत नाही. फोमची मॅट घ्या, पातळ असेल तर दोन. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी इथे करा. झोपताना कोरडे मोजे, कानटोपी.

आणखी तीन गोष्टी:

- तंबू गच्च बंद करू नका. श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. वरची जाळी उघडी ठेवा.
- शेगडी किंवा निखारे तंबूत कधीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. याला अपवाद नाही.
- जागा सपाट, किंचित उंचवट्यावर, पाण्यापासून थोडी लांब बघा.

डोक्याला लावायची टॉर्च आणि कचऱ्याची पिशवी विसरू नका.

महागड्या स्लीपिंग बॅगा, गडावरचा मुक्काम हे पुढे बघू. जाऊन या, काय अडलं ते नक्की सांगा.