प्रश्नोत्तरे : प्रस्तावित कोळसा खदान आणि शिवारातले पावसाचे पाणी

प्रश्न : आमच्या शिवाराला लागून उघडी कोळसा खदान प्रस्तावित आहे आणि जनसुनावणीची नोटीस लागली आहे. पर्यावरण अहवालाच्या मराठी सारांशात असे लिहिले आहे की, प्रस्तावित क्षेत्रातून बारमाही प्रवाह जात नसल्याने पृष्ठजलावर विशेष परिणाम होणार नाही. आमचा नाला मात्र दर पावसाळ्यात रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) वाहतो. हे विधान मान्य करावे काय?
– एक वाचक, उमरेड तालुका

उत्तर : विधानाचा पूर्वार्ध बहुधा खरा आहे, पण त्यावरून उत्तरार्ध सिद्ध होत नाही. नागपूर जिल्ह्यात वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यामुळे येथील लहान नाले उन्हाळ्याआधीच कोरडे होतात. खदानीच्या बाबतीत नाला मे महिन्यात वाहतो की नाही याला फारसे महत्त्व नाही. ऑगस्टमधल्या झडीत तो किती पाणी नेतो, हे पाहावे लागते. कोळसा खाणीच्या अहवालासाठी पाण्याची प्राथमिक माहिती पावसाळा वगळून एका हंगामात गोळा केली तरी चालते. नमुन्यातील क्षार मोजण्यापुरते ते ठीक आहे. परंतु नाल्याच्या पुराविषयी फेब्रुवारीतला नमुना काहीही सांगत नाही, आणि माझ्या मते अशा अहवालांतली सर्वांत मोठी उणीव हीच असते.

त्यात आपली जमीन काळी. जूनचा पाऊस भेगांमध्ये मुरतो, पण पुढे माती फुगून भेगा मिटल्या की तेवढ्याच पावसाचे पाणी वावरातून थेट नाल्याकडे धावते. म्हणून वार्षिक सरासरीवर समाधान मानू नये. नाल्याचे पाणलोट क्षेत्र किती धरले, चोवीस तासांतला सर्वाधिक पाऊस किती धरला आणि सर्वोच्च पूरपातळी कशावरून ठरवली, या तीन गोष्टी अहवालातून शोधून काढाव्यात आणि त्या सापडल्या नाहीत तर तसे लेखी विचारावे. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २०० हेक्टरच्या उघड्या खड्ड्यावर पडणारे पाणीच २० कोटी लिटर भरते. बाहेरून येणारे पाणी यात धरलेले नाही.

अहवालात खदानीभोवतीच्या दहा किलोमीटर परिसराचा जलनिस्सारण नकाशा, म्हणजे नदी-नाल्यांचा नकाशा असतो. तो बहुधा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकावरून काढलेला असतो आणि त्यात नकाशावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. धुऱ्याकडचे चर, बोडीचा (लहान तळ्याचा) सांडवा, पांदणीतून वाहणारा लहान नाला यांना तिथे जागाच नसते. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा घेऊन दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत आणि प्रवाह खाणपट्ट्यात कोठे शिरतो व कोठून बाहेर पडतो, ते गट क्रमांकांसह नोंदवावे. पुराचे पाणी कोणत्या वर्षी कोणत्या पायरीपर्यंत आले, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते; ते वर्ष आणि ती जागा लिहून दिली, म्हणजे अहवालातल्या पूरपातळीशी ताडून पाहता येते. आपल्या भागातले पाणी आंब नदीत उतरत असेल, तर ते पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला मिळून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, त्यामुळे खालच्या गावांचाही या सुनावणीशी संबंध आहे.

प्रश्न : नाला बंद होणार नाही, फक्त वळवला जाईल आणि खदानीभोवती गारलँड ड्रेन (पाणी अडवून बाजूला नेणारा चर) राहील, असे आम्हाला सांगण्यात आले. यात काय तपासावे?
– एक वाचक, पारशिवनी तालुका

उत्तर : वळवलेल्या नाल्याचा उतार, रुंदी आणि खोली मूळ नाल्याच्या तुलनेत किती आहे ते पाहावे आणि जलसंपदा विभागाची मंजुरी मागावी. नवा नाला ज्या ठिकाणी जुन्या पात्राला मिळतो, त्याच्या खालची रस्त्याची मोरी वाढीव प्रवाह पेलेल काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. नदी आणि खदान यांच्यामध्ये मातीचा बांध घातला, तर खदान सुरक्षित होते, पण पुराला पसरायला जागा कमी पडते आणि पाणी समोरच्या काठावर चढते. तेव्हा पैलतीरावरच्या गावांनीही नकाशा पाहावा. बांध फुटला तर पहिला धोका खदानीतल्या कामगारांना असतो. झारखंडमधील धनबादजवळच्या गजलीटांड खाणीत सप्टेंबर १९९५ मध्ये कतरी नदीचे पाणी शिरून ६४ कामगार दगावले होते.

गारलँड ड्रेन बाहेरचे पाणी खदानीत येऊ देत नाही आणि खदानीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवरून येणारे गढूळ पाणीही अडवतो. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत, पुढे ड्रेन आणि शेवटी गाळ खाली बसवणारी टाकी (सेटलिंग टँक) अशी रचना असते. ती पावसाळ्यापूर्वी उपसली नाही, तर पहिल्या दोन-चार पावसांतच भरते आणि गढूळ पाणी सरळ नाल्यात जाते. कोळसा खाणीतून नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात निलंबित घन पदार्थ (पाण्यात तरंगणारे मातीचे व कोळशाचे कण) लिटरमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावेत आणि सामू (पीएच) ५.५ ते ९ या दरम्यान असावा, असे मानक आहे. मोजणीचे आकडे मागताना जुलै-ऑगस्टचे मागावेत.

प्रश्न : आमची बोडी खाणपट्ट्याच्या बाहेर आहे. तिचा विचार होईल काय?
– एक वाचक, भिवापूर तालुका

उत्तर : बोडी बाहेर असली तरी तिच्याकडे येणारे पाणी खाणपट्ट्यातून येत असेल, तर ती भरणार नाही. खदानीतून उपसलेले पाणी बोडीत सोडू, असे आश्वासन मिळाल्यास ते किती, कोणत्या महिन्यांत आणि कोणत्या तपासणीनंतर सोडले जाईल, हे लेखी घ्यावे. सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. सूचना किमान तीस दिवस आधी प्रसिद्ध व्हावी लागते आणि अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. बोडीचा गट क्रमांक आणि तिच्या पाणलोटाचा हाती काढलेला नकाशा निवेदनाला जोडून पोच घ्यावी. सुनावणीच्या शेवटी कार्यवृत्त मराठीत वाचून दाखवले जाते, तेव्हा आपला मुद्दा त्यात आला आहे की नाही हे तिथेच ऐकून घ्यावे आणि सुटला असल्यास लगेच नोंदवण्यास सांगावे.