वाचकांचे प्रश्न : ब्रेक दाबल्यावर मंदावणारा दिवा

प्रश्न : माझ्याकडे 2004 सालची मारुती 800 आहे. रात्री दिवे लावून जाताना ब्रेक दाबला की मागचा उजवा दिवा नीट उजळतो, डावा मात्र उलट मंदावतो. बल्ब दोनदा बदलून झाला. शिवाय महिन्याभरात तीनदा सकाळी बॅटरी उतरलेली होती. इलेक्ट्रिशियन मागचे सगळे वायरिंग बदलायला सांगतात. तो खर्च करावा का? (पायाखालच्या मॅटवर हल्ली प्लास्टिकचा चुरा सापडतो, त्याचा याच्याशी संबंध नसावा.)
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तूर्त करू नये. आपल्या गाडीत दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी उद्भवलेले दिसतात, आणि दुसऱ्याचा पुरावा आपण कंसात घालून ठेवला आहे.

आधी डाव्या दिव्याचे पाहू. त्या बल्बमध्ये दोन फिलॅमेंट असतात, टेलसाठी, म्हणजे रात्री दिवे लावल्यावर मागे सतत लागणाऱ्या मंद लाल दिव्यासाठी, 5 वॅटची आणि ब्रेकसाठी 21 वॅटची. दोघींना वीज पुरवणाऱ्या वायरी वेगळ्या असल्या तरी परतीची वाट, म्हणजे ज्याला आपण अर्थ म्हणतो ती, होल्डरच्या पत्र्यातून बॉडीकडे जाणारी एकच असते. ती गंजली की टेल चालू असताना ब्रेक दाबल्यावर दोन्ही फिलॅमेंटना बॅटरीकडून दाब मिळतो, पण प्रवाहाला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि दिवा उजळण्याऐवजी मंदावतो. खात्री हवी असेल तर अंधाऱ्या शेडमध्ये सगळे दिवे बंद ठेवून नुसता ब्रेक दाबावा. अर्थ पूर्ण तुटला असेल तर प्रवाह टेलच्या फिलॅमेंटमधून उलटा शिरून पार्किंगच्या दिव्यांमार्फत वाट काढतो, आणि डॅशबोर्डवरचे मीटरचे दिवेही मिणमिणू लागतात. हे दृश्य पाहून अनेक जण घाबरतात आणि वायरिंग जळाले असे समजतात.

आता हातभर वायर घ्यावी. तिचे एक टोक डाव्या होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरे डिकीतल्या रंग खरवडलेल्या एखाद्या स्क्रूला टेकवून कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगावे. दिवा लख्ख लागला तर दोष अर्थचाच आहे. अर्थची वायर जिथे बॉडीला कसलेली असते तो स्क्रू काढून खालचा पत्रा आणि वायरीची चकती पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी, स्क्रू घट्ट कसावा आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. चिपळूणसारख्या दमट हवेत हा शेवटचा हात टाळू नये. होल्डरच्या आत हिरवट थर असेल तर तोही खरवडावा. बल्ब परत बसवताना त्याच्या दोन पिना कमी-जास्त उंचीवर असतात याकडे लक्ष असावे. जोर लावून उलटा कोंबलेला बल्ब टेलला प्रखर आणि ब्रेकला मंद लागतो. दोनदा बदलताना तसे झाले नसेल ना, हेही पाहून घ्यावे.

आता तो चुरा. ब्रेक पेडलच्या वरच्या टोकाशी एक छोटा स्विच असतो. पेडल मोकळे असताना त्याची दांडी आत दाबलेली राहते आणि दिवा बंद असतो. पेडल खाली गेले की दांडी सुटते आणि दिवा लागतो. दांडी ज्यावर टेकते ते पेडलवरचे प्लास्टिकचे किंवा रबराचे बूच वीस वर्षांत ठिसूळ होऊन फुटते. मग दांडी बुचाच्या रिकाम्या भोकात शिरते आणि पाय काढल्यावरही ब्रेक लाइट लागलेलेच राहतात. या दिव्यांना चावीची गरज नसल्यामुळे गाडी बंद करूनही ते विझत नाहीत. 21 वॅटचे दोन दिवे मिळून साधारण साडेतीन अँपिअर खातात. डावा सध्या कमी खात असेल असे धरले तरी, 35 अँपिअर-तासांच्या जुन्या बॅटरीत सकाळी सेल्फ फिरवण्याइतका जोर उरत नाही.

बूच स्पेअर पार्टच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळते. ते मिळेपर्यंत रात्री बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. नवे बूच बसवल्यावर स्विचचा लॉकनट सैल करून स्विच पुढेमागे करावा लागेल. तो फार मागे राहिला तर दिवा विझणार नाही. फार पुढे आला तर पेडल सतत किंचित दाबलेले राहून ब्रेक घासत राहतील, आणि हे दिवा न लागण्यापेक्षा वाईट. पेडलला थोडा मोकळा खेळ उरेल आणि पाय जरासा टेकताच दिवा लागेल, इतक्यावर नट कसावा. मदतीला कोणी नसेल तर रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून लावावी, म्हणजे दोन्ही दिव्यांचा लाल उजेड आरशात सारखा दिसतो की नाही हे बसल्या जागी कळेल.