हिरवा ढेकूण नेमका कोणता?

पिकावरच्या, वास सोडणाऱ्या हिरव्या ढेकणाचा फोटो टाकून हा नेमका कोणता, असं तुम्ही विचारलंत; तो फोटो पाहिला. पाठ हिरवी दिसली की आपण लगेच नाव ठोकून देतो. मीही सुरुवातीला तेच करायचो. आधी पाठीवरचा मोठा त्रिकोण पाहा. त्याच्या वरच्या कडेला पांढुरके तीन ठिपके ओळीत आणि दोन्ही कोपऱ्यांत बारीक काळा ठिपका असेल, तर तो बहुधा नेझारा विरिड्युला (हे शास्त्रीय नाव), साधारण दीड सेंटीमीटरचा. मिशांवर तपकिरी पट्टे असतात.

मूग, सोयाबीन, तुरीवर त्याचा लहान भाऊबंद दिसतो, पिएझोडोरस. तो पिवळसर हिरवा, सेंटीमीटरभराचा, खांद्यावर आडवा पट्टा: नराचा गुलाबीसर, मादीचा फिकट. खात्री हवी तर काचेच्या बरणीत धरून पोट बघा. पिएझोडोरसच्या पोटाखाली पायांमधून पुढे येणारा लांब काटा असतो, नेझाराला तसा नसतो. हातात मात्र घेऊ नका, वास साबणानेही लवकर जात नाही! अंग हिरवं पण पंख लालसर तपकिरी असतील तर तो प्लॉशिया, याच गोतावळ्यातला तिसरा ढेकूण.

रंगावर फार भिस्त ठेवू नका. थंडीत नेझारा तपकिरी पडतो, आणि त्याची काळी, पांढऱ्या ठिपक्यांची पिल्लं तर वेगळाच किडा वाटतात. पुढचा फोटो पाठीचा आणि पोटाचा, दोन्ही काढा.