डोहाळजेवणाआधी बाळाचा चेहरा बघायचाय

"आम्हाला बाळाचा फक्त चेहरा बघायचाय. बाकीच्या तपासण्या झाल्यात. पुण्यात कुठं करून मिळेल?"

सिंहगड रोडला राहणारं जोडपं. पहिलंच बाळंतपण, 22 आठवडे 3 दिवस. अमेरिकेतल्या नणंदेनं तिच्या वेळचा व्हिडिओ पाठवला होता: मंद उजेडाची खोली, भिंतीएवढा पडदा, सोफ्यावर आजी-आजोबा, पडद्यावर सोनेरी-तपकिरी रंगातलं जांभई देणारं बाळ आणि शेवटी पोट दाबलं की बाळाचे ठोके ऐकवणारं टेडी. डोहाळजेवण सातव्या महिन्यात, कर्वे रोडवरच्या हॉलमध्ये. तिथं असाच फोटो मोठा करून लावायचा बेत होता. नवऱ्यानं डेक्कनपासून कोथरूडपर्यंत पाच सेंटरना फोन केले. चौघांनी "डॉक्टरांची चिठ्ठी आहे का?" एवढं विचारून फोन ठेवला. पाचव्यानं सांगितलं, "रात्री आठनंतर या, फॉर्मचं बघून घेऊ." हे चौघं एवढे आडमुठे का, आणि पाचव्याकडे जायचं तर तयारी काय करायची, हे विचारायला दोघं माझ्याकडे आले होते.

पाचव्याकडे जायचं नाही, हे आधी सांगून टाकलं.

आपल्याकडे गरोदर स्त्रीची सोनोग्राफी हौसेखातर करता येत नाही. गर्भलिंग निदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा 1994 चा, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. सोनोग्राफी कशाकशासाठी करता येते त्याची 23 कारणं तपासणीच्या वेळी भरायच्या 'फॉर्म एफ'मध्येच छापलेली आहेत: गर्भाचं वय, वाढ, वजन, बाळाभोवतीचं पाणी किती, वार (प्लॅसेंटा) कुठं आहे, काही व्यंग आहे का, वगैरे. 'घरच्यांना चेहरा दाखवणे' त्यात कुठंच नाही. नवरा म्हणाला, "पण मुलगा की मुलगी हे आम्हाला विचारायचंच नाहीये हो!" जवळजवळ प्रत्येक जोडपं हे म्हणतं आणि मनापासून म्हणतं. पण यादीबाहेरच्या कारणासाठी तपासणी मागणं हाच कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि 'मागणाऱ्यां'मध्ये नवरा आणि नातेवाईक दोघंही धरले जातात. 'फॉर्मचं बघून घेऊ' म्हणणाऱ्याकडे आणखी एक गोम असते. कागदच नाही, तर तपासणी झाल्याचा पुरावाही नाही. उद्या एखादी गोष्ट नजरेतून सुटली तर विचारायचं कुणाला?

हा कडकपणा आपल्याकडे उगीच आलेला नाही. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 साली. त्याची वेळ का आली हे घरातल्या मोठ्या माणसांना वेगळं सांगावं लागत नाही. आणि अमेरिकेत सगळं आलबेल आहे, असंही नाही. तिथली एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, आठवणीसाठी केलेल्या सोनोग्राफीपासून लांब राहा असंच सांगते. कनेक्टिकट राज्यानं तर 2009 मध्ये अशा हौसेच्या सोनोग्राफीवर बंदी घातली.

"म्हणजे बाळाला त्रास होतो?" हा तिचा प्रश्न. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. वैद्यकीय कारणासाठी, प्रशिक्षित हातांनी केलेल्या सोनोग्राफीनं बाळाला इजा होते असं दिसलेलं नाही. मात्र या लहरींनी पेशी किंचित तापतात. मशीनच्या पडद्यावर 'टीआय' आणि 'एमआय' असे दोन आकडे दिसतात. पहिला तापण्याचा अंदाज देतो, दुसरा लहरींच्या यांत्रिक परिणामाचा. डॉक्टर हे आकडे कमी ठेवतात आणि माप मिळालं की प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचं यंत्र, उचलतात. स्टुडिओत नेमकं उलटं होतं. बाळ जांभई देईपर्यंत, हसल्यासारखं दिसेपर्यंत प्रोब पोटावर फिरत राहतो. चिंता तेवढीच. आतापर्यंत झालेल्या तपासण्यांबद्दल घाबरायचं कारण नव्हतं.

एवढ्यावर बोलणं संपलं असतं. पण ती पुन्हा पुन्हा "चेहरा नीट आहे ना, एवढंच बघायचंय" असं म्हणत होती. 'नीट' हा शब्द हौसेचा नसतो. फाइल मागितली.

19 आठवडे 5 दिवसांना झालेला ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणारी सोनोग्राफी. मेंदू, हृदयाचे कप्पे, मणका, मूत्रपिंडं, हातपाय, सगळं ठीक. आणि शेवटून तिसरी ओळ: बाळाच्या स्थितीमुळे ओठ व नाकाचा भाग नीट दिसला नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावं. ही ओळ घरात कुणीच वाचली नव्हती. सेंटरवर "बाळ पालथं आहे, नंतर बघू" असं सांगितलं होतं, ते तिनं ऐकलं होतं. तिच्या मावसभावाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. सासरी हे माहीत नव्हतं. तीन आठवडे ती हे मनात घेऊन फिरत होती, आणि नणंदेचा व्हिडिओ आल्यावर बोलायला निमित्त मिळालं.

म्हणजे चेहरा बघायला रीतसर कारण होतंच, आणि ती तपासणी राहून गेली होती. त्याच दिवशी त्यांना त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. घाई एवढ्यासाठी की या काळातल्या प्रत्येक गोष्टीला तारीख असते. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या दुरुस्तीनंतरही 20 आणि 24 आठवड्यांच्या मर्यादा आहेत, आणि 24 नंतर गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. दुभंगलेला ओठ हा त्यातला प्रकार नव्हे. त्याची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचं असताना होते. पण 'पुन्हा पाहावं' असं लिहिलेलं असलं की नेमकं काय राहिलंय हे कळेपर्यंत वेळ हातात असलेला बरा.

तिला वाटत होतं, ओठ बघायला थ्री-डीच लागतं. तसं नसतं. वरचा ओठ आणि नाकपुड्या साध्या काळ्या-पांढऱ्या टू-डीतच पाहतात, समोरून घेतलेल्या छेदात. थ्री-डी हे कॉम्प्युटरनं जोडलेलं पृष्ठभागाचं चित्र. नाळेची किंवा बोटाची सावली ओठावर पडली तर त्यात धडधाकट ओठसुद्धा फाटल्यासारखा दिसतो. हौसेच्या स्टुडिओत असं चित्र हातात पडलं आणि समजावून सांगणारं कुणी नसलं तर पुढचे चार महिने कसे जातील याची कल्पना करा. आणि उलट बाजूही तिला सांगितली: ओठ नीट दिसला तरी आतल्या टाळूची फट सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. शंभर टक्के हमी कुठलाच स्कॅन देत नाही.

22 आठवडे 5 दिवसांना चिठ्ठी घेऊन ती तपासणी झाली. ओठ अखंड, दोन्ही नाकपुड्या स्पष्ट. थ्री-डी त्यांनी काढलंच नाही, आणि तिनंही मागितलं नाही.

राहिला डोहाळजेवणाचा फोटो. त्यांच्या डॉक्टर 28 आठवड्यांच्या सुमारास वाढ बघायला एक सोनोग्राफी सांगणारच होत्या. योगायोगानं चेहऱ्यासाठीही हाच काळ बरा, साधारण 26 ते 30 आठवडे. त्याआधी कातडीखाली फारशी चरबी नसते, त्यामुळे थ्री-डीत चेहरा सापळ्यासारखा दिसतो आणि घरचे घाबरतात. 32 नंतर जागा आणि पाणी कमी पडतं, चेहरा भिंतीला दबतो. चेहऱ्यासमोर पाण्याची मोकळी जागा असेल तरच मशीनला कातडीची कड सापडते. तिची वार पुढच्या भिंतीला होती. बाळाचा चेहरा वारेला टेकलेला असला तर कितीही भारी मशीन आणा, चित्र येत नाही.

तयारीबद्दल तिला घरातून, शेजारातून आणि नणंदेकडून तीन तऱ्हेचे सल्ले मिळाले होते. पहिला, 'दोन लिटर पाणी पिऊन जा, लघवीला जायचं नाही.' हे पहिल्या तिमाहीतल्या पोटावरच्या सोनोग्राफीचं आहे. तेव्हा तीन-चार ग्लास पाणी पिऊन पाऊण-एक तास थांबलं की भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर उचलतं. सातव्या महिन्यात त्याची गरज नाही. उलट तुडुंब भरल्यावर आडवं पडणं नकोसं होतं आणि पोट कडक लागतं. दुसरा सल्ला, 'उपाशीपोटी जा.' अजिबात नाही, पोहे-उपमा, जे रोजचं असेल ते खाऊन जायचं. साखरेची चाचणी, 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तास थांबायची, त्याच सकाळी ठेवू नका. ती गोड चव, मळमळ आणि त्यावर पाठीवर आडवं पडणं, हे एकत्र बहुतेकींना झेपत नाही. तिसरा नणंदेचा, 'आदल्या आठवड्यापासून रोज चार लिटर पाणी आणि जायच्या आधी चॉकलेट.' पाणी रोजच्यासारखं नीट प्या, तेवढं पुरे. चॉकलेटानं बाळ वळेलच याचा भरवसा नाही. दहा-पंधरा मिनिटं चालणं आणि कूस बदलणं जास्त कामाला येतं.

बाकी किरकोळ. सैल कुर्ता आणि इलॅस्टिकची सलवार, म्हणजे पोट उघडायला त्रास नाही आणि जेल लागलं तरी धुऊन निघतं. साडी असली की परकराची नाडी ओली होतेच. जुने सगळे रिपोर्ट, विशेषतः पहिल्या तिमाहीतला, कारण बाळाचे दिवस त्यावरून धरतात. शेवटच्या पाळीची तारीख, आधार कार्ड, आणि डॉक्टरांच्या सहीची, कारण लिहिलेली चिठ्ठी. फॉर्म एफवर 'मला लिंग जाणून घ्यायचं नाही' या मजकुराखाली सही करायची असते. ती वाचून करा, घाईत नवऱ्याला करायला लावू नका. सकाळची पहिली वेळ मागा. दुपारपर्यंत सेंटरवर गर्दी होते, आणि मग 'जरा चेहरा दिसतो का बघता?' हे विचारायलाही संकोच वाटतो. मोबाइल बहुतेक ठिकाणी बाहेर ठेवायला लावतात, त्यावर वाद घालू नये. पाठीवर पडल्यावर गरगरलं तर लगेच सांगून डाव्या कुशीवर व्हायचं. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, म्हणून तसं होतं.

आणि मागायचं कसं? आधी डोकं, पोट, मांडीचं हाड, पाणी, रक्तप्रवाह, ही सगळी मापं होऊ द्यायची. शेवटी विचारायचं: "चेहरा समोर असेल तर एक प्रिंट मिळेल का?" मिळालं तर मिळालं. वैद्यकीय तपासणी चालू असताना सहज हाती लागलेलं चित्र आणि चित्रासाठी लांबवलेली तपासणी यातला फरक डॉक्टरांना कळतो, आपल्यालाही कळायला हवा.

28 आठवडे 4 दिवस. वजन अंदाजे 1100 ग्रॅम, पाणी व्यवस्थित. बाळाचा चेहरा पाठीकडे. मापं घ्यायला डावीकडे वळवलं, तेव्हा ते थोडं फिरलं आणि शेवटच्या दोन मिनिटांत अर्धा चेहरा आला: एक गाल, नाकाचा शेंडा आणि तोंडासमोर मूठ. दोन प्रिंट मिळाल्या.

घरी सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "रंग असा का गं? आणि नाक बसकं कुणाचं घेतलं?" रंग मशीनमधला आहे, बटण दाबून तो निळाही करता येतो. नाक गर्भाशयाच्या भिंतीला दबलेलं, शिवाय सॉफ्टवेअर कडा गुळगुळीत करतं. थ्री-डीवरून नाक-डोळे कुणाचे ते ठरवू नये.

एक सूचना मात्र नवऱ्यानं लगेच पाळली होती, बरं झालं. सोनोग्राफीची प्रिंट थर्मल कागदावर असते, एटीएमच्या पावतीसारखी. उष्णता लागली की काळी पडते, उन्हानं आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप फिकट होते, प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटून खराब होते. म्हणून हातात पडल्याच दिवशी सावलीत, सपाट ठेवून, फ्लॅश बंद करून तिचा फोटो काढायचा. वरच्या पट्टीतलं नाव, वय, नोंदणी क्रमांक कापायचे आणि मगच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. त्यानं हे केलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई एक प्रिंट "जपून राहावी" म्हणून अप्पा बळवंत चौकात लॅमिनेशनला घेऊन गेल्या. मशीनच्या गरम रोलरखालून ती बाहेर आली तेव्हा कोळशासारखी काळी होती, कडेला एक पांढरी रेघ उरलेली. दुकानदारही चपापला. त्याचा काही दोष नव्हता.

ठोके ऐकवणाऱ्या टेडीचंही विचारलं होतं. त्यासाठी घरी डॉपलर, म्हणजे बाळाचे ठोके ऐकायचं मशीन, विकत घेऊ नका असं सांगितलं. आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजून लोक निश्चिंत बसतात, आणि नको त्या दिवशी उशीर होतो. बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 असतात, आईचे सहसा त्याहून बरेच कमी, पण घाबरलेल्या आईचे 110 च्या वरही जातात. त्याऐवजी 28 आठवड्यांपासून रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या नाहीत, किंवा रोजच्यापेक्षा कमी वाटल्या, तर रात्र असली तरी दवाखान्यात फोन करायचा.

डोहाळजेवणाला मोबाइलमधल्या फोटोची मोठी प्रिंट फ्रेममध्ये होती, फुलांच्या दागिन्यांतल्या सूनबाईच्या शेजारी. झाकलेल्या वाट्यांतली तिनं उचललेली उघडली तर आत बर्फी निघाली, आणि बायकांनी 'मुलगी, मुलगी' म्हणून गलका केला. मुलगा-मुलगीच्या अंदाजाचा एवढा एकच प्रकार कायद्याच्या कचाट्यात येत नाही. अमेरिकेतून नणंद व्हिडिओ कॉलवर होती.

"अगं, यात नाक कुठलं आणि मूठ कुठली?"

सासूबाईंनी फोन फ्रेमच्या जवळ नेला. "ही मूठ. नाक त्याच्या मागे आहे."