सभागृहाला नाव कोणते द्यावे?

प्रश्न : दापोली तालुक्यातील आमच्या किनाऱ्यावरच्या गावात सामाजिक सभागृहाचे जांभ्या दगडाचे बांधकाम पूर्ण होत आले आहे. जागा ग्रामपंचायतीची आहे. खर्चाचा मोठा वाटा मुंबईत स्थायिक झालेल्या एका ग्रामस्थाने उचलला असून सभागृहाला आपल्या वडिलांचे नाव द्यावे, अशी त्यांची इच्छा आहे. वरच्या वाडीला ग्रामदेवतेचे नाव हवे आहे. मोहल्ल्यातील मंडळींनी वर्गणी दिली, श्रमदानही केले, पण नावाविषयी ती काहीच बोलत नाहीत. त्या जागेला सारे ‘उंडीकडे’ म्हणतात. तेथील उंडीचे जुने झाड २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पडले आणि त्याचा बुंधा अजून तेथेच पडून आहे. नाव कसे ठरवावे?
— एक ग्रामस्थ

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी, जाता जाता लिहिले आहे. दर्शनी भिंतीवर कोणतेही नाव कोरले, तरी लग्नाचे आमंत्रण करताना माणसे ‘उंडीकडच्या हॉलात या’ असेच सांगणार. एके काळी उंडीच्या बियांच्या तेलावर किनाऱ्यावरच्या घरांत दिवे लागत आणि होड्यांनाही तेच तेल चोपडले जाई. त्यामुळे हे नाव वाडीचे आहे तितकेच मोहल्ल्याचेही आहे. माझ्या मते ‘उंडी सभागृह’ हेच नाव द्यावे.

देणगीदारांशी बोलताना रत्नागिरीच्या पतितपावन मंदिराचा दाखला द्यावा. भागोजीशेठ कीर यांनी स्वखर्चाने बांधलेले हे मंदिर १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी खुले झाले. मंदिराच्या नावात कीर कोठेही नाहीत, ते कोणासाठी उभारले एवढेच आहे, आणि तरीही रत्नागिरीकर भागोजीशेठांना विसरलेले नाहीत. आपल्या देणगीदारांच्या वडिलांचे नाव रंगमंचाला द्यावे आणि ते कोण होते, गावासाठी त्यांनी काय केले, हे चार ओळींत सांगणारा शिलालेख प्रवेशद्वाराशी बसवावा. नुसत्या नावापेक्षा त्या चार ओळी पुढच्या पिढीला अधिक सांगतील.

ग्रामदेवतेचा मान देवळात आणि शिमग्याच्या पालखीत आहेच. तिचे नाव सभागृहाला दिले, तर ज्यांनी चिरे वाहिले त्यांनाच तेथे पाहुण्यासारखे वाटेल. मोहल्ल्याचे मौन ही संमती समजू नये. सरपंचांनी स्वतः जाऊन त्यांना विचारावे. वाडीचे किंवा जातीचे नाव तर नकोच, कारण वस्त्यांचीच जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आहे.

जागा ग्रामपंचायतीची असल्यामुळे फलक रंगवण्याआधी ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. १ मेची ग्रामसभा त्यासाठी सोयीची, कारण तेव्हा चाकरमानीही गावात असतात. फलक मात्र त्या बुंध्यातूनच घडवावा. उंडीचे लाकूड होड्यांना वापरले जाते, तेव्हा होड्या बांधणाऱ्या सुताराला ते आधी दाखवावे आणि पावसाळ्यापूर्वी बुंधा उचलून छपराखाली ठेवावा.