क्वाउतेमोकला खुर्चीतून उठव

प्रिय मित्रा,

माहितीपटाची संहिता वाचली. अभ्यास दिसतो, पण तुझा क्वाउतेमोक, ॲझ्टेकांचा शेवटचा राजा, पहिल्याच दृश्यात खुर्चीवर, तळपाय विस्तवाशी, आणि तो शेवटपर्यंत तिथून हलत नाही. ही चौकट तुझी नाहीच, चित्रकार लेआंद्रो इसागिर्रेची आहे. त्याचं १८९३ चं चित्र नीट बघ. सोनं कुठे दडवलंय म्हणून स्पॅनिश लोक पाय भाजताहेत, शेजारचा ताकुबाचा राजा पार कोलमडलाय, आणि हा मात्र ताठ. त्याच वर्षी ते चित्र शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेलं. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियास याच्या मेक्सिकोला जगापुढे ठेवायला एक पूर्वज हवा होता. माझ्या मते सोसणारा राजा त्यांना सोयीचा वाटला.

गंमत म्हणजे मेक्सिको सिटीतल्या पासेओ दे ला रेफोर्मा या हमरस्त्यावर १८८७ पासून उभा असलेला क्वाउतेमोक भाला उगारून आहे. छळाचं उठावशिल्प खाली चौथऱ्यावर. लोकांनी डोक्यात ठेवलं ते खालचं!

‘मी काय गुलाबांच्या शय्येवर आहे?’ हे छळाच्या वेळचं म्हणून त्याच्या तोंडी घातलेलं वाक्य काढून टाक. स्पॅनिश इतिहासकार गोमाराच्या १५५२ च्या ग्रंथात स्नानसुखाचा उल्लेख आहे. गुलाब नंतर कुणीतरी पसरले. शिवाय गोमारा मेक्सिकोला कधी गेलाच नव्हता.

सिकेरोस हा चित्रकार यातून बाहेर पडला. १९४४ च्या भित्तिचित्रात त्याने स्पॅनिश घोडेस्वाराचा अश्वमानव केला आणि राजाला त्याच्यावर चाल करून जायला लावलं. पुढे १९५१ पर्यंत मेक्सिको सिटीच्या बेयास आर्तेस या कलाप्रासादात छळही रंगवला, पण समोरच्या चित्रात क्वाउतेमोक शत्रूचंच चिलखत चढवून उभा. या चित्रांवर तू दोनच ओळी लिहिल्यास; तिथे पाच मिनिटं दे.

सिनेमाचा भाग आटप. त्याच्यावरचा १९१९ चा मूकपट सांग. नावाचा पसारा दाखवायचा तर ‘रोमा’ हा सिनेमा ज्या वस्तीत घडतो, ती मेक्सिको सिटीच्या क्वाउतेमोक विभागातच आहे. त्या नावाचं मेट्रो स्थानकही आहे. एवढं पुरे.

वाचलेला वेळ ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लानच्या वेढ्याला दे. देवीच्या साथीत आधीचा राजा क्वित्लावाक गेलेला, पंचविशीच्या आसपासच्या या पोरावर राज्य पडलेलं. चापुल्तेपेकहून येणारं पाणी तोडलेलं, सरोवरात स्पॅनिश सेनानी कोर्तेसची गलबतं, आणि कोर्तेसच्या बाजूने लढणारे हजारो त्लाश्काल्टेक, म्हणजे ॲझ्टेकांचे शत्रू असलेले स्थानिक लोक. ते तुझ्या संहितेत औषधालाही नाहीत. ते नसतील तर मूठभर स्पॅनिशांनी राज्य बुडवलं ही जुनीच थाप तू पुन्हा मारशील.

१३ ऑगस्ट १५२१ ला क्वाउतेमोक होडीतून निघताना पकडला गेला. कोर्तेसपुढे आणल्यावर त्याने कोर्तेसच्या कमरेच्या खंजिराला हात लावला आणि ‘मारून टाक’ म्हणाला. कोर्तेसने मारलं नाही. १५२५ मध्ये होंडुरासच्या वाटेवर, कटाचा संशय घेऊन, फाशी दिली. मधली साडेतीन वर्षं तो कैदी होता, आणि त्या वर्षांचं एकही दृश्य तू लिहिलेलं नाहीस. आधी ते लिही, मग खर्डा पाठव.

तुझा,
सर