घरात सापडलेली जुनी नाणी आधी घासून चकचकीत करावीत का?

तुमचा प्रश्न असा: घरात डबाभर जुनी, देशोदेशीची नाणी सापडली आहेत. दहा वर्षांची नात आणि सत्तरीतले आजोबा मिळून संग्रह सुरू करणार आहेत. तर नाणी आधी कशाने घासावीत आणि कशात ठेवावीत?

घासू नका. एकही नाही. नाणं ठशाखाली दाबलं जातं तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. नवं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, तो या रेषांमुळे. टूथपेस्टमधली भुकटी आणि लिंबातलं आम्ल या रेषाच काढून टाकतात, आणि त्या परत कधी येत नाहीत. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण ती चमक भांड्याची असते. जाणकाराला भिंगातून ते लगेच कळतं आणि नाण्याचं मोल उतरतं. तांब्यावरचा तपकिरी थर किंवा गंधकामुळे चांदीवर चढलेला काळा थर म्हणजे मळ नव्हे. तो राहू द्या.

नुसती माती असेल तर काचेच्या वाटीत डिस्टिल्ड पाणी घेऊन नाणं एक-दोन दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मग मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. पुसायचं नाही.

हिरवा रंग मात्र नीट बघा, कारण तो तीन प्रकारचा असतो. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी. फिकट हिरवी भुकटी लाकडी काडीने हलकेच टोकरल्यावर सुटत असेल, तर क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जातोय. ते नाणं वेगळं करा आणि सिलिका जेलबरोबर हवाबंद डबीत ठेवा, कारण हा रोग दमटपणावर वाढतो. तिसरा प्रकार चिकट, हिरवट. हा बहुतेक वेळा मऊ पीव्हीसी पाकिटांचा प्रताप: ते प्लास्टिक जुनं झालं की आम्ल सोडतं आणि ते तांब्याला लागतं. शुद्ध अ‍ॅसिटोनने हा थर निघतो. काचेचं भांडं, उघडी खिडकी, जवळ आग नाही, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात रंग आणि तेलं असतात.

म्हणून पाकीट घेताना पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर असल्याची खात्री करा. नवं असूनही उग्र वास येणारं, मऊ, लवचीक प्लास्टिक नको. रबरबँड आणि लोकरी कापडही नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. पुठ्ठ्याचे खिडकीवाले चौकोन स्वस्त आणि चांगले, फक्त स्टेपलच्या पिना पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेला.

आता या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग: धातू ओळखणं. नातीला हे नक्की दाखवा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. कोरडं नाणं तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि बारीक दोऱ्याने नाणं पाण्यात लटकवा. पूर्ण बुडलं पाहिजे, तळाला किंवा काचेला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर नाण्याचं आकारमान. वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. २५ ग्रॅमचं नाणं आणि आकडा २.४२ आला, तर घनता सुमारे १०.३, म्हणजे ९० टक्के चांदीशी जुळते. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. नाण्याला बुडबुडे चिकटले तर उत्तर कमी येतं. आणि ५ ग्रॅमच्या आतल्या नाण्यांवर फार विश्वास ठेवू नका: आकडा ०.२० असेल तर ०.०१ ची चूकही ५ टक्क्यांची होते. चुंबकाची परीक्षा त्याआधी करा. चुंबकाला चिकटलं तर ती चांदी नाही.

वहीत प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या आणि देश, मूल्य, वर्ष, वजन, व्यास, नाणं कुठून आलं हे लिहा. वरची-खालची कड बोटांत धरून नाणं फिरवा आणि मागची बाजू सुलटी येते की उलटी, तेही नोंदवा. अरबी लिपीतलं वर्ष हिजरी असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा: १३८९ चं १९६९ येतं. एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो.

नाणं नेहमी कडेनेच धरायचं, आणि खाली घडी घातलेला टॉवेल हवा. आजोबांचा हात थरथरत असेल तर हातातल्या भिंगाऐवजी स्टँडवरचं, दिवा असलेलं घ्या. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर डबा उंचावर ठेवा, लहान नाणी घशात अडकतात.